गुण देणारं यंत्र आणि पांढरी पाचचा जावई

धारवाड ही माझी सासुरवाडी आहे आणि धारवाडात मी एकदा गाण्यात जिंकलेलो आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल खरी असू शकतात, यावर माझ्या बायकोचा अजून विश्वास नाही. आणि ती तर तिथं समोर बसलेली होती.

आधी धारवाड हे काय प्रकरण आहे ते सांगायला पाहिजे. आमच्या हुबळीपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर. हुबळीत माणूस सकाळी उठला की शटर वर करतो, धारवाडात उठला की खर्ज लावतो. तिथला दूधवाला सायकलची घंटी सुरात लागल्याशिवाय गल्लीत शिरत नाही. माझ्या सासऱ्यांच्या गल्लीत एका बाईंचा कुकर भलत्याच सुरात शिट्टी द्यायचा, तर शेजाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना दुसरा कुकर आणून दिला. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. बाई अजून तिथंच राहतात आणि कुकर आता बरा गातो.

आणि आम्ही हुबळीचे कापडवाले. तीन पिढ्या लुगडी आणि खण. दुकान खाली, माल वर माळ्यावर, आणि माळ्यावर बसणारा आमचा जुना माणूस कानानं अधू. त्याला खालून सांगायचं म्हणजे "हिरवी इरकल, रुंद काठ, काढाऽऽ" अशी हाक द्यायची. बाजाराच्या गोंगाटातून ती वर पोचायची तर सरळ जायला हवी, जरा वरखाली झाली की मधल्या मधेच अडकते. आजोबांनी ती हाक वडलांना दिली, वडलांनी मला. कलघटगीकडून लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी बसस्टँडवर उतरली की दुकानाचा पत्ता विचारत नसत. घटकाभर उभं राहून ऐकत आणि चालू लागत.

तर असा मी, आणि लग्नानंतरचा पहिला गणपती. आमच्या विद्यानगरच्या घरचा गणपती दीड दिवसाचा, सासरचा पाच दिवसांचा. आमचा पोचवला की आम्ही धारवाडला. तिथं सासरे, ज्यांना सगळं घर अप्पा म्हणायचं. निवृत्त दिवाणी वकील. त्यांनी कोर्टात जेवढ्या तारखा घेतल्या असतील त्याहून जास्त वेळ ते एकेका रागाला घेत. आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या आणि घरी गाण्याचे वर्ग घेणाऱ्या. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळं घराचा कारभार अक्कांकडं. अप्पा जन्मात दोघांनाच घाबरले, एक उतरलेला तंबोरा आणि दुसऱ्या अक्का.

आरती सुरू झाली. मीही सुरू झालो. पहिलं कडवं निम्म्यावर आलं असेल, तोच अक्कांनी हात वर केला. सगळे थांबले. समईसुद्धा थांबल्यासारखी वाटली.

"जावईबापू," अक्का काळजीनं म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटत नाही का?"

"छान वाटतंय की."

"मग असं का करायलात?"

त्या वर्षीपासून मला गणपतीसमोर तोंड उघडायची बंदी झाली. मागच्या दारची म्हैस दोन दिवस आटली, याचं खापरही माझ्यावरच फुटलं. दुसऱ्या वर्षी माझ्या हातात टाळ दिले. ते ठेक्यात पडेनात, म्हणून तिसऱ्या वर्षी घंटा दिली. चौथ्या वर्षी घंटाही काढून घेतली आणि कापराची डबी दिली. "कापूर बिघडवता येत नाही," असं अक्का आत कुणाला तरी सांगत होत्या, मी ऐकलं. पुढची चार वर्षं मी ती डबी धरून उभा होतो. ज्या माणसाच्या हाकेनं कलघटगीची वऱ्हाडं वळतात, तो माणूस!

मला तसं काही वाटायचं नाही. पण आठव्या वर्षी आमची मुलगी, पाच वर्षांची, भर आरतीनंतर आईला विचारती झाली, "आई, बाबा इथं आले की मुके का होतात?" खोली भरून लोक हसले. मीही हसलो. रात्री पाठ टेकल्यावर काही हसू आलं नाही. तेव्हा ठरवलं, याच घरात, याच गणपतीसमोर, तोंड उघडून एक आरती म्हणायची. मुलीनं ऐकायची. मग जन्मभर डबी धरीन.

ठरवणं सोपं. अक्कांपुढं बोलायचं कुणी?

त्याच्या पुढच्या गणपतीला माझा मेव्हणा अमेरिकेहून आला. ही दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनीची गोष्ट. त्यानं बॅगेतून एक काळा डबा काढला, त्याला टीव्हीला जोडायच्या तीन शेपट्या आणि दोन माईक, एक निळा, एक तांबडा. त्याखालून आणखी एक लोखंडी ठोकळा काढला, तो उचलायला आम्ही दोघं लागलो. "ट्रान्सफॉर्मर," तो म्हणाला. तिकडची वीज म्हणे आपल्या निम्म्या जोराची. आपली सरळ दिली तर यंत्राचा कोळसा. ठोकळा लावल्याबरोबर तो 'हूंऽऽ' करून घुमायला लागला. अप्पांनी कान टवकारले.

आणखी एक भानगड झाली. अमेरिकेचा रंग अप्पांच्या जुन्या टीव्हीला पचला नाही, सगळं काळं-पांढरं दिसायला लागलं. मेव्हण्यानं टीव्हीच्या पाठीवर दोन थपडा मारल्या. टीव्ही धारवाडचा, थपडेला दाद देणारा नव्हता.

"हे गाण्याचं यंत्र आहे," मेव्हणा सगळ्यांना बसवून सांगायला लागला. "गाणं वाजतं, पडद्यावर शब्द येतात आणि या अशा आडव्या पट्ट्या येतात. उंच सूर तर पट्टी वर, खालचा सूर तर पट्टी खाली. आपण माईकमध्ये गायचं. सूर लागला की पट्टी भरते, नाही लागला की रिकामी. शेवटी यंत्र गुण देतं."

"गुण देतं?" अक्का.

"हो. आणि शब्द चुकले तरी चालतात. ते फक्त सूर बघतं."

"सूर बघतं," अप्पा हळूच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की जणू हायकोर्टानं शेवटी धारवाडच्या बाजूनं निकाल दिला. गल्लीत बातमी गेली. तासाभरात अक्कांच्या वर्गाच्या सहा मुली, कुकरवाल्या बाई आणि पलीकडचे एक तबलजी येऊन सतरंजीवर बसले. तबलजींनी तबला आणला होता.

पहिला मान अक्कांचा. गाणं इंग्रजी, कुणी एक बाई विरहात असावी. अक्कांनी पदर खोचला, तांबडा माईक धरला आणि कान पकडून गुरूंना नमस्कार केला. तेवढ्यात दोन ओळी निघून गेल्या. मग त्यांनी जो सूर लावला! मला गाण्यातलं काही कळत नाही, पण माझ्याही अंगावर काटा आला. एक सूर दुसऱ्या सुरापर्यंत त्या अशा घसरत न्यायच्या की लोण्यावरून सुरी. तबलजी "हौद्री, हौद्री" असा होकार देत मान हलवत होते.

पडद्यावर एकही पट्टी भरली नाही.

एकही म्हणजे एकही नाही. पट्ट्या आपल्या रिकाम्या येत होत्या आणि रिकाम्या जात होत्या, मोकळी बस कारवारला जावी तशा. गाणं संपलं. यंत्रानं मोठ्या अक्षरात इंग्रजीत काहीतरी लिहिलं.

"काय म्हणायलंय ते?" कुकरवाल्या बाईंनी विचारलं.

मेव्हण्यानं घसा खाकरला. "'छान प्रयत्न, चालू ठेवा' असं म्हणतंय."

"तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलंय मी," अक्का म्हणाल्या. "'ऐकवत नाही' म्हणतंय ते."

आता अप्पा उठले. घराण्याची अब्रू होती. त्यांनी आधी मेव्हण्याला समोर बसवून उलटतपासणी घेतली.

"हे यंत्र कुठल्या पट्टीत गातं?"

इथं परगावच्यांसाठी जरा थांबतो. धारवाडात पट्टी म्हणजे रक्तगटासारखी. पेटीवरच्या कुठल्या सुराला आपला 'सा' मानून माणूस गातो ती त्याची पट्टी. अप्पांची पांढरी एक, म्हणजे पहिली पांढरी पट्टी. अक्कांची काळी चार. पाहुण्याला चहात साखर किती हे नंतर विचारतात, पट्टी आधी. आणि एकदा पट्टी ठरली की माणूस ती सोडत नाही, साथीदारांनी तिथं यायचं असतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला पट्टी विचारली, तर मी शर्टाचं माप सांगितलं होतं.

"पट्टी त्याची त्याला ठरलेली असते अप्पा," मेव्हणा म्हणाला. "प्रत्येक गाण्याची वेगळी."

"मग त्याला सांग, पांढरी एक."

"सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हणजे? गवई मी आहे की ते?"

"ते खाली येत नाही अप्पा. आपणच त्याच्याकडं जायचं."

अप्पांनी यंत्राकडं असं पाहिलं, जणू समन्स मिळूनही कोर्टात हजर न झालेला तो प्रतिवादीच. "आम्ही कुणाकडं जात नाही," म्हणाले आणि माईक घेऊन बसले, मांडी घालून. गाणं सुरू झालं. अप्पांनी डोळे मिटले आणि आलाप सुरू केला, पांढरी एकमध्येच. इंग्रजी गाणं पुढं पळतंय, बाजा वाजतोय, आणि अप्पा षड्जाला शांतपणे गोंजारतायत. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. गाणं संपून टाळ्यांचा आवाजही येऊन गेला, तेव्हा अप्पा नुकतेच गंधारापर्यंत पोचत होते. यंत्रानं त्यांना शून्य दिलं. अप्पांनी डोळे उघडून विचारलं, "सुरू झालं का?"

मग सहाही मुली गायल्या. सहाही नापास. तबलजी म्हणाले, मी बोल म्हणून बघतो. तेही नापास, आणि त्यांनी तर तिहाई घेऊन सम गाठली होती. ज्या गावात नळाचं पाणीसुद्धा लयीत येतं, त्या गावाची सगळी गल्ली एका काळ्या डब्यानं एका संध्याकाळी बेसूर ठरवली.

अक्का भडकल्या. "बहिरं आहे हे. आमच्या जावईबापूंनासुद्धा शाबासकी देईल!"

आठ वर्षं मी अशा एका वाक्याची वाट बघत होतो. डबी धरणारा हात आपोआप वर गेला.

"देईल म्हणता? आणि दिली तर?"

"दिली तर उद्याच्या आरतीला तुम्ही पुढं उभं राहून म्हणा. कापराची डबी मी धरते."

"तोंडी करार आहे," अप्पा म्हणाले, "पण साक्षीदार पुष्कळ आहेत. वैध आहे." आणि स्वतःच तांबडा माईक उचलला. "मीही बसतो यांच्याबरोबर. या खेपेला आलाप नाही, थेट बंदिश."

मी निळा माईक घेतला. बायको कानाशी येऊन म्हणाली, "अहो, आधी गुळण्या तरी करा." मेव्हण्यानं डोळे मिटून एक गाणं लावलं. ते असं होतं की कुणी एक माणूस एका जागी उभा राहून दुसऱ्या कुणाला तरी बराच वेळ दम भरतोय. वर जाणं नाही, खाली येणं नाही. पट्ट्या सगळ्या एका ओळीत, बसस्टँडवरच्या बाकड्यांसारख्या. मला इंग्रजी शब्द वाचेपर्यंत ते पुढं पळत. मग मी म्हटलं, शब्दांना काय विचारतो, ते फक्त सूर बघतं ना? आणि सुरू केलं. "हिरवी इरकल, रुंद काठ, काढाऽऽ! जांभळा खण, दोन वार, टाकाऽऽ!"

अक्कांनी एका मुलीच्या कानांवर हात ठेवले. स्वतःच्या ठेवायचे तर हात उरले नाहीत.

पडद्यावर दोन रांगा होत्या. खालच्या रांगेत अधूनमधून एखादा ठिपका. आणि वरची रांग काय सांगू, पोत्यात जोंधळा भरावा तशी भरत चाललेली! सगळी खोली ताठ झाली. "वा अप्पा!" तबलजी ओरडले. "भाळ छलो अप्पा, फार छान!" कुकरवाल्या बाई म्हणाल्या. अप्पांनी डोळे न उघडताच एक हात वर करून दाद स्वीकारली आणि आणखी रंगात आले. मुली टाळ्या वाजवायला लागल्या. मी आपला माळ्यावर हाका मारतोय.

गाणं संपलं. पडद्यावर चांदण्या उडाल्या. यंत्रानं असा इंग्रजी शब्द लिहिला की अक्कांनी त्याचा मराठी अर्थच मोठ्यानं सांगितला. "अलौकिक!" त्यांचे डोळे भरून आले. "शेवटी यंत्राला कान आले."

अप्पांनी हात जोडले. "गुरुकृपा," म्हणाले.

"अप्पा," मेव्हणा चाचरत म्हणाला, "वरची रांग निळ्या माईकची आहे."

"बरं. मग?"

"रंग दिसत नाहीत म्हणून कुणाला कळलं नाही. पण तुमचा तांबडा."

खोलीतल्या चौदा-पंधरा माना माझ्या हाताकडं वळल्या. निळा माईक होता. निळाच होता. मी तो जरा उंच धरला, मागच्यांनाही दिसावा म्हणून. ट्रान्सफॉर्मर तेवढा घुमत होता. मग आमची मुलगी म्हणाली, "बाबा पास झाले!"

झालं, संपलं, असं तुम्हाला वाटेल. तुमचे सासरे वकील नसतील म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून, गळ्याला तूप लावून, आरतीची तयारी करत होतो, तर अप्पांनी बोलावलं. टेबलावर लांब वकिली कागद, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"कालच्या निकालावर अपील आहे."

"अपील?"

"एका गाण्यावर गवय्याची परीक्षा होत नाही. पाच गाणी. मी निवडणार. पाचात तीन."

मी कराराची आठवण दिली. ते म्हणाले, करारात 'यंत्रानं शाबासकी दिली तर' असं आहे, 'एकदाच' असं कुठं आहे? मी म्हटलं, 'पाचदा' असं तरी कुठं आहे? "तेच तर," अप्पा म्हणाले, "करार संदिग्ध आहे. संदिग्धता असली की फेरतपासणी." अक्का दारातूनच म्हणाल्या, "सुम्न कूड्री जावईबापू, गपगुमान बसा आणि गा. घाबरलात होय?"

बसलो. गायलो. पाचही गाण्यांत पार वाट लागली. ती गाणी म्हणजे एकेक केळगेरीच्या रस्त्याचा चढउतार. पट्टी वर जायची, मी तिच्यामागं जायचो, पोचेपर्यंत ती खाली आलेली असायची. यंत्रानं काल ज्या तोंडानं अलौकिक म्हटलं त्याच तोंडानं अक्कांना म्हटलं होतं ते मला म्हटलं. पाचव्या गाण्यानंतर अक्कांनी कपाटातून कापराची डबी काढून माझ्यासमोर ठेवली. वर ती पदरानं पुसलीही होती.

मी मागच्या दारी पायरीवर जाऊन बसलो. मुलगी मला शोधत आली. "बाबा, संध्याकाळी तुम्ही म्हणणार ना? मी मैत्रिणींना सांगितलंय." मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघू नाही, म्हणू. तिला काय सांगणार? म्हशीकडं बघत बसलो. म्हशीनंही तोंड फिरवलं.

तासाभरानं आतून अप्पांची हाक आली. तीही पांढरी एकमध्ये.

पाहतो तर अप्पा जमिनीवर बसलेले, समोर पेटी आणि भोवती वकिली कागद पसरलेले. मी सकाळी गात होतो तेव्हा हा माणूस पडद्यावरच्या पट्ट्या कागदावर उतरवून घेत होता! प्रत्येक गाण्याची रांग काढलेली आणि जिथं जिथं माझी पट्टी भरली तिथं पेन्सिलीनं काळं केलेलं.

"हे बघा," अप्पा म्हणाले. आवाजात वकील नव्हता. "पाच गाण्यांत तुमच्या एकवीस पट्ट्या भरल्यात. बाकी शेकड्यांनी रिकाम्या. पण या एकवीसच्या एकवीस एकाच उंचीवर. एक केस वर नाही, एक केस खाली नाही. ओरडा."

"काय?"

"ते तुमचं इरकलीचं. ओरडा."

"हिरवी इरकल, रुंद काठ, काढाऽऽ!"

अप्पांनी पेटीवर बोट ठेवलं. पाचवी पांढरी पट्टी. माझा आवाज आणि पेटीचा आवाज असे एकमेकांत मिसळले की कुठला माझा ते मलाच कळेना.

"परत."

परत तेच. मग अप्पांना जोर चढला. मला नाक धरून ओरडायला लावलं. पांढरी पाच. चिंच खायला लावली, पांढरी पाच. गल्लीच्या टोकापर्यंत पळत जाऊन या म्हणाले, आलो, जीव घशात, तरी पांढरी पाच. मागच्या दारी म्हशीजवळ उभं करून आतून पेटी वाजवली. म्हैस हलली, सूर हलला नाही. अक्का स्वयंपाकघरातून बघत होत्या, हातातली पुरणाची परात तशीच. शेवटी अप्पांनी ट्रान्सफॉर्मर सुरू केला आणि कान लावून बराच वेळ ऐकलं.

"हाही पांढरी पाचच्या आसपास घुमतो," ते म्हणाले. "पण जरा चढा आहे. तुम्ही नेमके आहात."

आयुष्यात कुणी कौतुक केलं तर ते असं, विजेच्या ठोकळ्याशी तुलना करून.

"अप्पा, मग मी बेसूर कसा?"

"तुम्ही बेसूर नाही हो. तुमच्याकडं एकच सूर आहे." त्यांनी कोपऱ्यातला तंबोरा पुढं ओढला. "माझा 'सा' पांढरी एक. तिथून पांढरी पाच म्हणजे माझा पंचम. ही बघा, तंबोऱ्याची पहिली तार पंचमाची असते. गवई गावभर हिंडतो, तार हिंडत नाही. ती एका जागी असते म्हणून गवय्याला घरी परत येता येतं. तुम्ही तार आहात आणि गवय्यासारखं हिंडायला बघताय. दोष सगळा हिंडण्यात आहे."

"मग मी काय करू?"

"आरती म्हणा. सगळे शब्द म्हणा, मोठ्यानं म्हणा. फक्त हलू नका."

अक्का परात घेऊन बाहेर आल्या. "आणि माझी पट्टी काळी चार आहे त्याचं काय?" त्या म्हणाल्या. "माझ्या पट्टीत हा माणूस अजूनही बेसूरच आहे."

"अक्का," अप्पा म्हणाले, आणि हे वाक्य बोलायला त्यांना सत्तर वर्षं लागली असावीत, "आज आरती माझ्या पट्टीत होईल."

संध्याकाळी गल्ली लोटली. वर्गाच्या सहा मुली, तबलजी, कुकरवाल्या बाई, आणि आमच्या मुलीनं सांगून ठेवलेल्या चार मैत्रिणी पुढच्या रांगेत. मी गणपतीसमोर पहिल्या जागी, शेजारी अप्पा. आणि अक्का, शब्दाच्या पक्क्या, कापराची डबी धरून भिंतीशी. ती डबी त्यांनी अशी धरली होती जशी मी पाच वर्षांत एकदाही धरली नसेल. आपण सोडलेली नोकरी दुसऱ्याला जास्त चांगली करताना बघावं तसं मला वाटलं.

अप्पांनी 'सा' लावला. मी समोर गणपतीऐवजी आमचा माळा आणला डोळ्यांपुढं, वर बसलेला तो कानानं अधू माणूस आणला, आणि हाक द्यावी तशी आरती सुरू केली. सगळे शब्द एका सुरावर. भोवती सगळी गल्ली चालीत वर चढते, खाली उतरते, आणि मी मधोमध खांबासारखा. वर जायची अशी ओढ लागायची म्हणून सांगू! दुसऱ्या कडव्याला सगळे उंच गेले, माझा गळाही निघाला. बायकोनं मागून दंडाला चिमटा घेतला. थांबलो. तिसऱ्याला पुन्हा निघालो, पुन्हा चिमटा. त्या दंडावरचे वळ पुढं आठ दिवस होते, पण सूर हलला नाही. तबलजी दर समेवर माझ्याकडं बघून मान डोलवत होते. मुलगी तोंड उघडं टाकून बघत होती आणि मग मैत्रिणीच्या कानात ओरडून म्हणाली, "ते सगळ्यात मोठ्यानं म्हणतायत ना, ते माझे बाबा!"

आरती संपली. टाळ थांबले, घंटा थांबली, लोक प्रदक्षिणा घालायला लागले. मी थांबलो नाही. हलू नका एवढंच सांगितलं होतं, थांबा असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि आठ वर्षांचं साठलेलं होतं. मी आपला पांढरी पाच धरून उभाच. अप्पा निघाले होते, दोन पावलं जाऊन वळले. ऐकलं. मग तिथंच, गणपतीसमोर, सतरंजीवर मांडी घातली, माझा एक हात ओढून मलाही खाली बसवलं, डोळे मिटले आणि माझ्या सुरावर टेकून आलाप सुरू केला. सावकाश. त्यांना कुठली घाई नव्हती, आणि मला तर दुकान दुसऱ्या दिवशी उघडायचं होतं.

लोक होते तिथंच बसले. कुणीतरी प्रसादाचं ताट फिरवत फिरवत माझ्यापर्यंत आणलं. मी हात पुढं केला.

"त्यांना देऊ नका," भिंतीशी डबी धरून उभ्या असलेल्या अक्का हळूच म्हणाल्या. "तोंड बंद होईल."